टार फाइल सोडण्याआधी आत डोकावा

गणेशोत्सव आटोपला की इंदूरच्या मराठी मंडळांत फोटो, हिशेब, पत्रिका असं सगळं एका टार फाइलमध्ये बांधून एकमेकांना पाठवलं जातं. लिनक्सवर ती लगेच सोडू नका, म्हणजे आतल्या फायली लगेच बाहेर काढू नका. आधी ‘टार -टीएफ’ आणि पुढे फाइलचं नाव देऊन यादी बघा. सगळं एका फोल्डरमध्ये आहे की ढीगभर सुट्या फायली, ते कळतं.

सुट्या असतील तर नवा फोल्डर करा आणि ‘टार -एक्सएफ’, फाइलचं नाव, ‘-सी’ (हा सी कॅपिटल), फोल्डरचं नाव अशी आज्ञा द्या. फोल्डर आधीच हवा, टार तो बनवत नाही. फाइल दाबून लहान करण्याची पद्धत जीझिप असो वा एक्सझेड, ग्नू टार (लिनक्सवर सहसा असणारा टार) ती स्वतः ओळखतो.

जपायचं ते इथे: त्याच नावाची फाइल तिथे असेल तर टार न विचारता तिच्या जागी नवी ठेवतो. गेल्या वर्षीचा हिशेब असा गेला तर परत मिळणं कठीण! म्हणून शेवटी ‘-के’ जोडाच. जुन्या फायलींना हात लागत नाही.

झिपची यादी ‘अनझिप -एल’ने दिसते. ‘-डी’ने दिलेला फोल्डर अनझिप स्वतः बनवतो, आणि जुनी फाइल बदलण्याआधी विचारतोही.