संगीतात पीएच.डी.: अर्ज भरण्यापूर्वीची तयारी

हिंदुस्थानी संगीतात पीएच.डी. करू पाहणाऱ्यांपैकी अनेकांपाशी रियाज असतो, मैफलींचा अनुभव असतो, गुरूंकडून मिळालेल्या बंदिशींची वही असते; नसतो तो प्रश्न. म्हणून तयारीच्या यादीत पहिली नोंद प्रश्नाची असावी. ‘अमुक घराण्याच्या गायकीचा अभ्यास’ हे विषयाचे नाव झाले, प्रश्न नव्हे. त्याउलट, 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकडीवर मिळणाऱ्या तीन-साडेतीन मिनिटांत एखाद्या गायकाने ख्यालाचा विस्तार कसा आवरला, काय गाळले, आणि पुढे एलपी म्हणजे लाँग प्ले तबकडीवर एका बाजूला वीसेक मिनिटे मिळू लागल्यावर त्याच रागाची मांडणी कोठे बदलली, असे विचारले की ऐकायचे काय, मोजायचे काय आणि तुलना कशाशी करायची हे आपोआप ठरू लागते. प्रश्न दोन-तीन वाक्यांत लिहून संगीताबाहेरच्या एखाद्या सुशिक्षित माणसाला वाचायला द्यावा. त्याला तो कळला नाही, तर मुलाखतीतही अडचण येणार हे गृहीत धरावे.

प्रश्न ठरला की तो आधी कोणी हाताळला आहे का, हे ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर पाहावे. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध तेथे विनामूल्य वाचता येतात. शीर्षके चाळून थांबू नये. निदान पाच प्रबंधांची शोधपद्धतीची प्रकरणे नीट वाचावीत. पुष्कळ प्रबंधांत पहिली दोन प्रकरणे ‘नाट्यशास्त्र’कार भरतापासून ‘संगीतरत्नाकर’कार शार्ङ्गदेवापर्यंतचा तोच इतिहास पुन्हा सांगण्यात खर्च होतात, आणि आपल्या आराखड्यात ही सवय शिरू नये यासाठी तरी ते वाचन उपयोगी पडते.

यानंतरची नोंद ध्वनिमुद्रणांची, आणि तिच्यासाठी सर्वांत अधिक वेळ राखून ठेवावा. आपल्याला लागणारी मुद्रणे प्रत्यक्ष कोठे आहेत, ती ऐकण्यापुरतीच उपलब्ध आहेत की त्यांची प्रत मिळते, याची चौकशी विषय नोंदवण्यापूर्वी व्हायला हवी. दिल्लीतील संगीत नाटक अकादमीचा संग्रह आणि गुरुग्राम येथील, 1982 साली सुरू झालेले मानववंश-संगीतशास्त्राचे (एथ्नोम्युझिकॉलॉजी) अभिलेखागार ही त्यासाठी दोन महत्त्वाची ठिकाणे होत. इंटरनेटवरील प्रतींबाबत मात्र सावध राहावे. जुन्या तबकड्यांची खरी गती नेमकी 78 नसे, आणि डिजिटल प्रत करताना गती थोडी चुकली तरी स्वर आणि लय दोन्ही बदलतात. अशा प्रतीवरून गायकाची पट्टी (त्याच्या षड्जाची उंची) ठरवणे म्हणजे वाळूवर इमारत बांधणे होय. ‘प्रात’ (Praat) सारख्या ध्वनिविश्लेषणाच्या संगणकप्रणालीने स्वराचा आलेख काढता येतो, परंतु गळ्यामागे सारंगी किंवा हार्मोनियम वाजत असेल तर आलेख फसतो, त्यामुळे शेवटचा निर्णय तयार कानालाच द्यावा लागतो. भातखंडे स्वरलिपीत बंदिशीचा सांगाडा उत्तम उतरतो, पण मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) आणि आंदोलन (स्वराचे संथ झुलणे) फारसे उतरत नाही. तेव्हा लेखनात कोणत्या खुणा वापरणार, हेही आताच ठरवून दहा मिनिटांचे एक मुद्रण प्रत्यक्ष लिहून पाहावे.

नियमांची बाजू त्यामानाने सोपी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमावलीनुसार पदव्युत्तर पदवीत 55 टक्के गुण लागतात, आरक्षित प्रवर्गांना 5 टक्क्यांची सवलत आहे. अभ्यासक्रमाचा किमान कालावधी तीन वर्षे, कमाल सहा, आणि सुरुवातीचे पाठ्यक्रमकार्य (कोर्सवर्क) किमान 12 श्रेयांकांचे असते. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर असतात, आणि कलावंत नेमके तेथेच अडतात. 2024पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुणही प्रवेशासाठी धरले जातात. नोकरी करणाऱ्यांनी अंशकालीन प्रवेशासाठी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लवकर मागावे, कारण ते पत्र टेबलावरून हलायला लागणारा वेळ आपल्या हाती नसतो.

मार्गदर्शक निवडताना नाव किंवा मैफलींची कीर्ती न पाहता त्यांच्या हाताखाली पूर्ण झालेले प्रबंध पाहावेत. नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे जागा रिक्त आहे का, हे थेट विचारण्यात संकोच नसावा. आपले गुरू आणि आपले मार्गदर्शक या भूमिका शक्यतो वेगळ्या व्यक्तींकडे असाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्यासमोर प्रश्न न विचारता शिकलो, त्यांच्यासमोर त्यांच्याच गायकीची चिकित्सा करणे फार थोड्यांना जमते.

मुलाखती घ्यायच्या असतील तर संमतीपत्राचा मसुदा मराठीत आणि साध्या शब्दांत तयार ठेवावा, आणि मुद्रण कमीत कमी 48 किलोहर्ट्झ, 24 बिट या दर्जाचे करून त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. गुरूंच्या घरातील बंदिशी प्रबंधात छापायच्या असतील तर परवानगी आताच, आणि लेखी घ्यावी. पूर्ण झालेला प्रबंध शोधगंगेवर सर्वांसाठी खुला होतो, हे त्यांना आधी सांगावे. त्यावर त्यांनी दोन चिजा वगळायला सांगितल्या, तर त्या वगळूनही आपला प्रश्न टिकतो का, हे आराखडा सादर करण्यापूर्वी तपासावे.