होस्टेलच्या खोलीतला एक्स्टेंशन बोर्ड
भिंतीवर सॉकेट दोन आणि राहणारे तिघं, म्हटल्यावर खोलीत एक्स्टेंशन बोर्ड येतोच. आणलात की आधी तो उलटा करा आणि मागे किती वॅट लिहिलेत ते वाचा. लॅपटॉपचा चार्जर साधारण 65 वॅट घेतो, मोबाइलचा सहसा त्याहून कमी. पण पाण्याची किटली एकटीच 1500 वॅटच्या आसपास खेचते. म्हणून किटली, इस्त्री (नियमात बसत असतील तर!) थेट भिंतीच्या सॉकेटलाच लावा. बोर्डाला बोर्ड जोडू नका. वायर गादीखालून तर अजिबात नेऊ नका, उष्णता आतच कोंडते. प्लग हाताला गरम लागला किंवा सॉकेटभोवती पिवळट डाग दिसला, तर वापर तिथेच थांबवा आणि वॉर्डनला लेखी कळवा. जाता-येता तोंडी सांगितलेलं हमखास विसरलं जातं.

रात्री अभ्यास करायचा असेल तर ट्यूबलाइट बंद ठेवून टेबललॅम्प भिंतीकडे वळवा. आणि अलार्म एकदाच लावा. पाच-पाच मिनिटांनी वाजणाऱ्या अलार्मने ज्याचा पेपर नसतो तोच आधी उठून बसतो.