ट्यूब ॲम्प घुमतोय? कंडेन्सर बदलताना या चुका टाळा

जुना ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या ट्यूबवर चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर, घुमायला लागला की गिटारवाला आधी मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड गाठतो. फिल्टर कंडेन्सर, म्हणजे डीसीवरची लहर सपाट करणारे कंडेन्सर, आणतो, सगळे बदलतो, ॲम्प चालू करतो आणि घुमणं तसंच. माझ्याकडे दुरुस्तीला येणारे बरेच ॲम्प असे एकदा उघडून झालेले असतात. हे कंडेन्सर इलेक्ट्रोलिटिक असतात आणि ते कालांतराने आतून सुकतात हे खरंच आहे. 1960च्या दशकातल्या ॲम्पमध्ये मूळचेच फिल्टर असतील तर ते बदलायलाच हवेत. पण घुमण्याची कारणं अनेक असतात, आणि नीट कान दिला तर आवाजच बरंच काही सांगतो.

न ऐकता उघडणं

आपली वीज 50 हर्ट्झची. एसीचं डीसी करणाऱ्या फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर डीसीवर जी लहर उरते ती 100 हर्ट्झची. फिल्टर सुकला की हीच लहर स्पीकरमधून ऐकू येते. अमेरिकी व्हिडिओंमध्ये 60 आणि 120 सांगतात, ते तिकडच्या विजेसाठी. ओळखायची सोपी रीत अशी: गिटार सुरात लावा आणि सगळ्यात जाड तारेचा तिसरा फ्रेट वाजवा. तो जी, म्हणजे 98 हर्ट्झ. घुमणं त्या सुराला अगदी खेटून असेल, तर संशय फिल्टरवर. त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ते 50 हर्ट्झ. मग फिलामेंटची (ट्यूब तापवणाऱ्या तारेची) वायरिंग, इनपुटची वायर आणि अर्थिंग बघा. यात एक अपवाद आहे. फिक्स्ड बायसच्या ॲम्पमध्ये बायसचा, म्हणजे आउटपुट ट्यूबचा करंट आवरणाऱ्या मायनस दाबाचा, पुरवठा बहुधा एकाच डायोडवर असतो, त्यामुळे तिथला कंडेन्सर गेला तर लहर 50ची येते.

मग गिटारची लीड काढा. घुमणं थांबलं तर ॲम्पला हात लावू नका. सिंगल कॉइल पिकअप पंख्याचा रेग्युलेटर आणि चोकवाली ट्यूबलाइट दोन्ही टिपतो. थांबलं नाही तर व्हॉल्यूम फिरवून बघा. त्याबरोबर घुमणं कमी-जास्त होत असेल तर दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या भागात आहे. होत नसेल तर ॲम्प बंद करून, गार होऊ देऊन फेज इन्व्हर्टरची (आउटपुट ट्यूबच्या जोडीला सिग्नल देणारी) ट्यूब काढा. तरीही घुमतंय म्हणजे पुरवठा, बायस, नाहीतर आउटपुटच्या दोन ट्यूबची जोडी जुळत नाही. या सगळ्या खटाटोपात स्पीकर मात्र जोडलेलाच हवा, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करणं

प्लग काढल्यावरही फिल्टरमध्ये 400 व्होल्टच्या वर दाब तसाच राहू शकतो. हा माणूस मारणारा दाब आहे, म्हणून इथे माझं काही ऐकायचं नसेल तरी एवढं ऐका. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. 10 किलोओहम, 10 वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांना जोडून ठेवा, त्यातून प्रत्येक फिल्टर रिकामा करा आणि मीटरने डीसी व्होल्ट मोजा. रिकामा झालेला कंडेन्सरही थोडा दाब परत धरतो, तेव्हा काम होईपर्यंत क्लिप तशीच राहू द्या.

उलटा बायस कंडेन्सर

गेल्या पावसाळ्यात गिरगावातल्या एका चाळीतून एक अमेरिकी कॉम्बो (एकाच पेटीत ॲम्प आणि स्पीकर) आला. कंडेन्सर नवे, घुमणं मात्र आधीपेक्षा जास्त. मी नेहमीप्रमाणे आधी सिरीजमध्ये 100 वॉटचा बल्ब लावला. बल्ब भक्कन उजळला, तो मंद व्हायचं नाव घेईना, म्हणजे ॲम्प फार करंट ओढत होता. लगेच बंद केलं. आत बघतो तर बायसच्या कंडेन्सरचं डोकं फुगून वर आलेलं, आणि त्याची मायनसची पट्टी चॅसिसकडे, म्हणजे ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याकडे. ॲम्पमधल्या बाकीच्या कंडेन्सरचा मायनस बहुधा चॅसिसला जातो, त्या सवयीने कुणीतरी हाही तसाच लावला होता. बायसचा पुरवठा मायनस असतो, तिथे प्लस चॅसिसला जातो! बायस गेला की आउटपुट ट्यूब बेसुमार करंट ओढतात. मालकाला विचारलं, तर घरी प्लेट लाल झालेल्या त्याने पाहिल्या होत्या आणि ट्यूब अशाच पेटतात असं त्याला वाटलं होतं. फिलामेंट नारिंगी दिसणं ठीक. बाहेरची करडी प्लेट लाल दिसली की त्याच क्षणी स्विच बंद करायचा.

मिळेल तो कंडेन्सर लावणं

बाजारात 400 व्होल्टचे कंडेन्सर ढिगाने मिळतात, कारण ते एसएमपीएस या आजच्या वीजपुरवठ्यांमध्ये लागतात. ट्यूब ॲम्पमध्ये ट्यूब तापायच्या आत दाब नेहमीपेक्षा वर चढतो, म्हणून 430-440 व्होल्टच्या लाइनला 500 व्होल्टचाच शोधा. किंमत जास्त पडेल, पडू द्या. काढलेले जुने किंवा वर्षानुवर्षं दुकानात पडून राहिलेले नकोत. आणि मोठा कंडेन्सर म्हणजे कमी घुमणं, हा हिशेब रेक्टिफायर ट्यूबला चालत नाही: जीझेड34 पहिल्या फिल्टरला 60 मायक्रोफॅरडपर्यंत सहन करते, 5वाय3 साधारण 20. मोठ्या फेंडर ॲम्पमध्ये दोन कंडेन्सर सिरीजमध्ये असतात आणि प्रत्येकावर 220 किलोओहमचा रेझिस्टर असतो. तेही मोजा, फरक असेल तर सोबत बदला. सिरॅमिकचे चकतीसारखे कंडेन्सर उगाच काढू नका.

अर्थची पिन कापणं

जुन्या चाळींत बऱ्याच ठिकाणी अर्थच नसतो. गिटारच्या तारेला हात लावला की भुणभुण थांबते, म्हणून अर्थ लागत नाही असं समजून कुणी पिन कापतो, कुणी दोन पिनी ॲडॅप्टर लावतो. ॲम्पमध्ये काही बिघडलं तर तो दाब गिटारच्या तारांवर येतो आणि तारा तुमच्या हातात असतात. आधी इलेक्ट्रिशियनकडून खोलीला खरा अर्थ करून घ्या. जुन्या अमेरिकी ॲम्पमध्ये मेनपासून चॅसिसला जोडलेला एक छोटा कंडेन्सर असतो, तो काढून तीन वायरींची कॉर्ड लावा आणि अर्थ थेट चॅसिसला घट्ट बसवा. असा ॲम्प इथे स्टेप-डाउन (दाब कमी करणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरवर चालतो. 60 हर्ट्झसाठी बनलेला ॲम्पमधला ट्रान्सफॉर्मर 50वर थोडा जास्त तापतो, तेव्हा हाताने अंदाज घेत राहा.

गिरगावच्या त्या ॲम्पला बायसचा कंडेन्सर सुलट बसवला, आउटपुटची नवी जोडी घातली, बायस मोजून लावला. 100चं घुमणं गेलं, 50चं बारीक शिल्लक राहिलं. फिलामेंटच्या दोन्ही वायरींपासून चॅसिसला 100 ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. त्यातला एक जळून आतून तुटला होता. दोन्ही बदलले, तेव्हा तेही थांबलं.