खुराक बदलल्यावर तट्टू बिथरते तेव्हा

काल-परवापर्यंत मुलांना पाठीवर घेऊन निमूट चालणारे तट्टू अचानक सावलीला बुजू लागते, खरारा करताना कान मागे टाकते, तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळताना चावायला मान वळवते, आणि मालक ते हट्टी झाले असे समजून लगाम अधिक कडक धरू लागतो. अशा वेळी शिस्तीचा विचार करण्याआधी गव्हाणीत डोकवावे, असे मी आग्रहाने सांगेन. गेल्या दोन-तीन आठवड्यांत दाणा बदलला का, वाळलेल्या गवताची नवी गंजी उघडली का, तट्टू नव्या कुरणात चरू लागले का, आणि काम कमी होऊनही चंदी, म्हणजे रोजचा दाणा, तेवढीच राहिली का, या प्रश्नांची उत्तरे तारखांसह लिहून काढावीत.

खुराकाचा स्वभावाशी संबंध कसा येतो, हे समजले की पुढची काळजी घेणे सोपे जाते. तट्टाचे पोट दिवसभर थोडे थोडे चरण्यासाठी घडलेले असते. जठरात आम्ल अखंड पाझरत राहते, पण ते सौम्य करणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. किलोभर वाळलेले गवत चावून संपवायला पाऊण तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, तर तेवढाच दाणा त्याच्या निम्म्याहून कमी वेळात संपतो. म्हणून गवत कमी करून दाणा वाढवला, तर जनावराला शक्ती पुरेशी मिळते, परंतु चावणे घटते, जठर बराच काळ रिकामे राहते आणि आम्लाने आतले अस्तर दुखावते. पोटात जखम असलेल्या तट्टाला तंगाचा दाब सहन न होणे स्वाभाविक आहे. चघळायला काहीच नसेल तर ते फळ्या कुरतडू लागते किंवा जागच्या जागी डोलत राहते, आणि एकदा जडलेली ही सवय खुराक सुधारल्यावरही सहज सुटत नाही.

दुसरे कारण दाण्यातील पिष्टात, म्हणजे स्टार्चमध्ये असते. लहान आतडे एका वेळी ठरावीक पिष्टच पचवू शकते आणि उरलेले मोठ्या आतड्यात जाते, जिथे तंतुमय चारा आंबवून त्यातून शक्ती मिळवून देणारे असंख्य जिवाणू नांदत असतात. तिथे पिष्ट झपाट्याने आंबते, आम्लता वाढते, चारा पचवणारे जिवाणू मरू लागतात, पोट फुगते, लीद सैल होते, आणि जनावर अस्वस्थ व चटकन दचकणारे बनते. शिवाय पिष्ट आणि साखर रक्तात लवकर उतरत असल्याने, काम न मिळालेल्या तट्टाच्या अंगात उसळी येते ती वेगळीच.

येथे वजनकाट्याचे महत्त्व सांगितलेच पाहिजे. ओट संपले म्हणून आम्ही एकदा लहान चणीच्या एका घोडीला त्याच डब्याने तेवढाच मका घातला. पाचव्या दिवशी तंगाचा पट्टा पोटाला नुसता टेकताच तिच्या कुशीची कातडी थरथरली आणि ती मागचा पाय आपटू लागली. लीदही शेणासारखी पसरट झाली होती. डबा काट्यावर ठेवल्यावर चूक उघड झाली. मका ओटपेक्षा बराच जड भरतो आणि त्यात पिष्टही जास्त असते, त्यामुळे डबा तोच असला तरी तिच्या पोटात दुपटीहून अधिक पिष्ट जात होते, आणि कच्च्या मक्याचे पिष्ट लहान आतड्यात ओटच्या पिष्टाइतके पचतही नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे दाणा डब्याने मोजत नाहीत.

एका वेळच्या दाण्यात शरीराच्या दर किलो वजनामागे 1 ग्रॅमपेक्षा जास्त पिष्ट जाऊ नये, हे प्रमाण सुरक्षित धरावे. 200 किलोच्या तट्टासाठी ते 200 ग्रॅम पिष्ट होते, म्हणजे सुमारे अर्धा किलो ओट. चाऱ्याचे प्रमाण मात्र कोरड्या वजनाने दिवसाला शरीराच्या 1.5 ते 2 टक्के, म्हणजे याच तट्टासाठी 3 ते 4 किलो असावे, आणि दोन चाऱ्यांमधला खंड चार-पाच तासांपेक्षा लांबू देऊ नये. माझ्या मते हलके काम करणाऱ्या बहुतेक तट्टांना दाण्याची गरजच नसते. चांगले गवत, क्षार-खनिजांचे पूरक आणि मीठ त्यांना पुरते.

प्रत्यक्ष बदल किमान दहा ते चौदा दिवसांत करावा. पहिले तीन-चार दिवस पाव हिस्सा नवा खुराक मिसळावा, पुढचे तीन-चार दिवस निम्मा, मग पाऊण, आणि लीद घट्ट गोळ्यांची राहिली तरच पूर्ण. हाच नियम नव्या गंजीच्या गवतालाही लावावा, कारण बहुतेक जण दाणा सावकाश बदलतात आणि गवत मात्र एका रात्रीत बदलतात. हिरव्यागार कुरणातही पहिल्या दिवशी थोडाच वेळ सोडावे आणि तो वेळ रोज वाढवत न्यावा. या काळात खोगीर, काम किंवा राहण्याची जागा बदलू नये, नाहीतर वागणूक कशामुळे पालटली ते कधीच कळणार नाही. रोज त्याच वेळी लीद कशी आहे, तंग आवळताना तट्टू काय करते, आणि किती वेळा बुजले, एवढे वहीत टिपावे. महिनाभर योग्य खुराक देऊनही फरक पडला नाही, तर दात, पाठ आणि खोगीर तपासून घ्यावे.

तट्टू उसळते म्हणून त्याला उपाशी ठेवणे मात्र धोक्याचे आहे. दाणा लगेच कमी करता येतो, चारा तोडू नये. विशेषतः लठ्ठ तट्टाचे खाणे एकाएकी थांबले, तर साठलेली चरबी मोठ्या प्रमाणात रक्तात उतरून यकृतावर ताण येतो आणि ते जिवावर बेतू शकते. तट्टू मलूल होऊन खाणे सोडते, वारंवार कुशीकडे पाहते, लोळते, किंवा खूर गरम लागून पुढचे पाय आखडत टाकते, असे दिसताच खुराकाचे प्रयोग थांबवून त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवावे, आणि वही त्यांच्या हाती द्यावी.