थाई जोडीदाराला दुसऱ्या देशात कायमचे नेताना: अम्फोतल्या नोंदीपासून पहिल्या वर्षापर्यंत

थाई नागरिकाशी विवाह करून त्याला किंवा तिला आपण राहतो त्या देशात कायमचे नेऊ पाहणाऱ्यांचे सारे लक्ष सहसा त्या देशाच्या व्हिसाच्या नियमांवर खिळलेले असते. ते नियम महत्त्वाचे आहेतच. पण अर्ज रखडतो तो पुष्कळदा थायलंडमधल्या कागदांपायी. एका दाखल्यावर जुने आडनाव असते, दुसऱ्यावर नवे. आधीच्या विवाहाच्या घटस्फोटाचा उतारा गावाकडच्या कपाटात राहून गेलेला असतो. भाषांतरकाराने नावाचे स्पेलिंग स्वतःच्या मनाने केलेले असते. म्हणून जायचे ब्रिटनला असो, जर्मनीला, ऑस्ट्रेलियाला की भारतात, सुरुवात थाई कागदपत्रांच्या फायलीपासून करावी आणि ती पुरी झाल्याखेरीज व्हिसाचे शुल्क भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला कागद विवाहाचा. भिक्खूंच्या मंत्रपठणात, गावजेवण घालून आणि वधूच्या आईवडिलांना सिन्सोत, म्हणजे प्रथेप्रमाणे द्यायची रक्कम, देऊन झालेला समारंभ समाजात कितीही मान्य असला तरी कायद्याने तो विवाह ठरत नाही. नोंदणी झाली तरच विवाह झाला, अशी थाई कायद्याची भूमिका आहे. ही नोंदणी जिल्हा कार्यालयात होते, ज्याला अम्फो म्हणतात. बँकॉकमध्ये त्याच कार्यालयाला खेत हे नाव आहे. परदेशी जोडीदाराने आपल्या देशाच्या बँकॉकमधील दूतावासाकडून आपण विवाहास मोकळे असल्याचे पत्र घ्यायचे, त्याचे थाई भाषांतर करून ते थाई परराष्ट्र मंत्रालयाच्या वाणिज्यदूत विभागाकडून प्रमाणित करून घ्यायचे आणि मग दोघांनी मिळून अम्फोत जायचे, असा क्रम आहे. या विभागाचे मुख्य कार्यालय बँकॉकच्या चेंग वत्थना रस्त्यावर आहे. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी जोडप्यांनाही विवाहाची नोंदणी करता येते आणि त्याच कायद्याने विवाहाचे किमान वय १८ झाले आहे. घटस्फोटित किंवा विधवा स्त्रीला मात्र आधीचा विवाह संपल्यापासून ३१० दिवस थांबावे लागते. ती गरोदर नसल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र असेल तर ही अट सुटते. तारखा ठरवून विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

विवाह थायलंडबाहेर झाला असेल तर त्या देशातील विवाहाचा दाखला प्रमाणित आणि भाषांतरित करून अम्फोमध्ये कुटुंबस्थितीची नोंद करून घेता येते. ही नोंद राहिली, तर परदेशात विवाहित असलेली व्यक्ती थाई दप्तरात अविवाहितच दिसते, आणि पुढे आडनाव बदलताना किंवा मालमत्तेच्या व्यवहारात नेमके तिथेच घोडे अडते.

आता नावांबद्दल थोडे सविस्तर, कारण सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. थाई लोक आपले पहिले नाव बदलतात, अनेकदा ज्योतिषाच्या किंवा भिक्खूच्या सल्ल्याने, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, ओळखपत्रावर दुसरे आणि जवळची माणसे हाक मारतात ते टोपणनाव तिसरेच, अशी स्थिती असणे अगदी सामान्य आहे. प्रत्येक बदलाचे प्रमाणपत्र अम्फो देते. ती सगळी प्रमाणपत्रे, अगदी लहानपणी झालेल्या बदलाचेसुद्धा, फायलीत हवीत. विवाहानंतर पत्नीने पतीचे आडनाव लावलेच पाहिजे असे कायद्याचे बंधन राहिलेले नाही, तेव्हा आडनाव बदलायचे की नाही याचा निर्णय आधी घ्यावा आणि मगच पासपोर्टकडे वळावे. बदलायचे ठरले तर क्रम असा: अम्फोत आडनावाचा बदल, ६० दिवसांच्या आत नवे ओळखपत्र, त्यानंतर नवा पासपोर्ट, आणि सर्वांत शेवटी व्हिसा. हा क्रम उलटला की जुन्या नावाच्या पासपोर्टवर मिळालेला व्हिसा आणि नव्या नावाचे ओळखपत्र यांचा मेळ घालण्यात महिने जातात. प्रौढांना आता १० वर्षांचा पासपोर्ट मिळतो. लांबचा मुक्काम ठरलेला असताना ५ वर्षांचा घेण्यात काही अर्थ नाही.

भाषांतरकाराच्या हाती कागद देताना सोबत पासपोर्टची प्रत द्यावी आणि पासपोर्टवर आहे तेच स्पेलिंग सर्वत्र वापरा, असे लेखी सांगावे. थाई अक्षरे रोमन लिपीत उतरवण्याच्या अनेक पद्धती प्रचलित असल्याने एकच आडनाव तीन भाषांतरांत तीन प्रकारे लिहिले गेलेले आढळते. तारखाही तपासाव्यात. थाई दप्तर बुद्धसंवत वापरते आणि ते इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढे आहे: थाई कागदावरचे २५६८ म्हणजे २०२५. वजाबाकीत एका वर्षाची चूक झाली की जन्मतारीखच बदलते, आणि अशी चूक भाषांतरकाराच्या नव्हे, तर अर्जदाराच्या खात्यावर जमा होते.

ताबियन बान, म्हणजे घराच्या नोंदीचे निळ्या आवरणाचे पुस्तक, जवळपास प्रत्येक ठिकाणी मागितले जाते. त्यात एक मेख आहे. बँकॉकमध्ये किंवा पट्टायात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसाचे नाव अजूनही उदोन थानी किंवा बुरीराम प्रांतातल्या आईवडिलांच्या घराच्या पुस्तकातच असते. यात बेकायदा काही नाही. पण अर्जात राहण्याचा पत्ता एक आणि पुस्तकात दुसरा दिसला की अधिकाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो. तो उभा राहण्याआधीच, सोबतच्या पत्रात दोन वाक्यांत खुलासा करावा.

पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला गेला तर तो बँकॉकच्या पथुम वान भागातील रॉयल थाई पोलिसांच्या मुख्यालयातील केंद्रातून मिळतो आणि त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात. जोडीदार पुरुष असेल तर सक्तीच्या लष्करी सेवेचे कागदही जवळ ठेवावेत: थायलंडमध्ये २१व्या वर्षी तरुणांना चिठ्ठ्या काढण्यासाठी बोलावले जाते आणि काळी चिठ्ठी निघाली की सेवेतून सुटका होते, लाल निघाली की भरती.

आधीच्या नात्यातले मूल बरोबर न्यायचे असेल तर त्या कामाला सर्वांत आधी हात घालावा. आईवडिलांचा विवाह नोंदलेला नसेल तर थाई कायद्याने मूल केवळ आईचे मानले जाते आणि ताबा तिच्याकडेच असतो. तसा दाखला अम्फोतून, साक्षीदारांसह जबाब देऊन, मिळवता येतो. विवाह नोंदलेला होता आणि घटस्फोट झाला असेल तर घटस्फोटाच्या नोंदीत ताब्याबद्दल काय लिहिले आहे ते शब्दन् शब्द वाचावे, कारण संयुक्त ताबा असल्यास दुसऱ्या पालकाची लेखी संमती लागणारच. तो पालक कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसल्यास न्यायालयात जावे लागते आणि त्याला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो.

यानंतर नात्याचा पुरावा. नाते खरे आहे, केवळ व्हिसासाठी जुळवलेले नाही, हे कागदावर दाखवायचे असते आणि इथे ढीगभर छायाचित्रांपेक्षा सलगता उपयोगी पडते. पासपोर्टवरचे थायलंडच्या प्रवेशाचे शिक्के, विमानाचे बोर्डिंग पास, घरखर्चासाठी पाठवलेले पैसे, आणि थायलंडमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या लाइन या ॲपवरच्या संभाषणाचे नमुने: प्रत्येक महिन्यातले एखाद-दुसरे पान पुरे. थाईत लिहिलेल्या ओळींचे भाषांतर जोडावे. गोड संदेशांपेक्षा 'आईला दवाखान्यात नेले का', 'भाडे भरले का' असे रोजच्या व्यवहाराचे संदेश अधिक बोलके असतात, असा माझा कल आहे. दोघांनी एकमेकांच्या कुटुंबाची माहितीही नीट जुळवून ठेवावी, कारण मुलाखतीत भावंडे किती, पहिली भेट कुठे झाली, आधीचा विवाह कधी संपला असे साधेच प्रश्न येतात.

ज्या देशात जायचे त्याच्या अटी

ब्रिटनमध्ये जोडीदाराच्या व्हिसासाठी ११ एप्रिल २०२४ पासून वार्षिक २९,००० पौंड उत्पन्नाची अट आहे. ती प्रामुख्याने ब्रिटनमधल्या जोडीदाराच्या पगारावर मोजली जाते, म्हणून पगारपत्रके आणि बँकेचे उतारे यांतील आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळले पाहिजेत. थाई जोडीदाराला ए-१, म्हणजे अगदी प्राथमिक, स्तराची इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची मान्यताप्राप्त परीक्षा आणि क्षयरोगाची तपासणी या दोन गोष्टी थायलंडमध्येच उरकाव्या लागतात. तपासणीचा दाखला ६ महिने चालतो; तो फार लवकर काढून ठेवला तर दुसऱ्यांदा पैसे पडतात. व्हिसाच्या शुल्काशिवाय आरोग्यसेवेचा अधिभार दरसाल १,०३५ पौंड या दराने एकदम आगाऊ भरावा लागतो आणि पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा असल्याने ही रक्कम व्हिसाच्या शुल्कालाही मागे टाकते. अंदाजपत्रकात ती अनेकांकडून राहून जाते.

जर्मनीत उत्पन्नाइतकाच भर भाषेवर आहे. ए-१ स्तराचे जर्मन येत असल्याचे प्रमाणपत्र व्हिसाच्या अर्जाबरोबरच द्यावे लागते आणि बहुतेक थाई अर्जदार त्यासाठी बँकॉकमधल्या गोएथे इन्स्टिट्यूटचा रस्ता धरतात. थाई ही सुरांवर चालणारी भाषा, तिची लिपी वेगळी, क्रियापदांना काळाचे प्रत्यय नाहीत. अशा भाषेतून जर्मन व्याकरणाकडे जाणाऱ्याला काही महिन्यांचा नियमित वर्ग लागतोच, हे गृहीत धरून वेळापत्रक आखावे. ऑस्ट्रेलियात देशाबाहेरून अर्ज करणाऱ्यांसाठी जोडीदार व्हिसाच्या उपवर्ग ३०९ आणि १०० यांचा अर्ज एकत्रच होतो: आधी तात्पुरता व्हिसा, आणि साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून २ वर्षांनी कायमस्वरूपी व्हिसाचा विचार.

भारतात यायचे असेल तर भारतीय नागरिकाच्या जोडीदाराला एन्ट्री व्हिसा, म्हणजेच एक्स व्हिसा, मिळतो. तो १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असल्यास पोहोचल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते आणि ती आता ऑनलाइन होते. नोंदलेला विवाह सलग २ वर्षे टिकल्यानंतर ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', कार्डासाठी अर्ज करता येतो. विवाह न्यायालयातून संपला तर ते कार्ड रद्द होऊ शकते. भारतीय नागरिकत्व घेणे हा फार पुढचा आणि वेगळा निर्णय आहे, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि ते घेताना थाई नागरिकत्वावर पाणी सोडावे लागते.

शुल्क आणि उत्पन्नाच्या मर्यादा बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी संबंधित सरकारच्या संकेतस्थळावरून आकडे पुन्हा पाहावेत. 'हमखास व्हिसा' देणाऱ्या एजंटांपासून दूर राहावे. पर्यटक व्हिसावर नेऊन 'पुढचे पुढे बघू' हा सल्ला तर मुळीच ऐकू नये: ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक केल्याचा ठपका बसला तर पुढची १० वर्षे अर्ज नाकारले जाऊ शकतात, आणि एका देशाचा नकार दुसऱ्या देशाच्या अर्जात सांगावा लागतो.

निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर

थायलंडमधला मोबाइल क्रमांक बंद करू नये. थाई बँकांची ॲप त्या क्रमांकाशी बांधलेली असतात. सिम बंद झाले की खात्यात पैसे असूनही हाती येत नाहीत. एखादे स्वस्त प्रीपेड सिम रोमिंगवर चालू ठेवणे पुरते. परदेशी व्यक्तीशी विवाह झाला तरी थाई नागरिकाचा जमीन घेण्याचा हक्क जात नाही. फक्त खरेदीच्या वेळी तो पैसा थाई जोडीदाराचा स्वतंत्र असल्याचे दोघांना लिहून द्यावे लागते. गावच्या जमिनीचे व्यवहार बाकी असतील तर विश्वासातल्या नातेवाइकाच्या नावे मुखत्यारपत्र करून निघावे.

आईवडिलांना दरमहा किती पैसे पाठवायचे, हे निघण्यापूर्वी आकड्यात ठरवावे. अनेक थाई कुटुंबांत, विशेषतः ईसानमध्ये, म्हणजे ईशान्य थायलंडमध्ये, मोठ्या झालेल्या मुलांनी घर चालवायला हातभार लावणे हे कर्तव्य मानले जाते, आणि ते न पाळणाऱ्याला गावात मान खाली घालावी लागते. हा खर्च घराच्या अंदाजपत्रकात भाड्याच्या शेजारी लिहिला की पुढचे बरेच वाद टळतात.

सामानात नाम प्ला, म्हणजे माशांचा सॉस, बाटली नीट गुंडाळून मोठ्या बॅगेत चालतो. पण आंबवलेल्या मांसाचे नेम किंवा ईसानी सॉसेज ब्रिटन आणि युरोपात विमानतळावरच काढून घेतले जातात.

पहिल्या वर्षात जोडीदाराच्या नावाचे स्वतंत्र बँक खाते, स्वतःचा फोन आणि भाषेचा वर्ग या तीन गोष्टींत हात आखडता घेऊ नये. पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद ज्याचे त्याच्याकडेच राहावेत. ते 'सांभाळायला' म्हणून जोडीदाराने कुलपात ठेवणे मला मुळीच पटत नाही. घरात छळ झाला तर व्हिसा जाईल या भीतीने सोसत राहण्याची गरज नाही, हेही आधीच सांगावे: ब्रिटनसह काही देशांत अशा जोडीदारांसाठी कायद्यातच वेगळी तरतूद आहे. एकटेपणावर थाई मंदिर हा मोठा आधार असतो. लंडनच्या विम्बल्डनमधील वाट बुद्धपदीपसारख्या ठिकाणी पूजेइतकेच महत्त्व एकत्र जेवण्याला आणि आपल्या भाषेत मनसोक्त बोलण्याला असते.

पोहोचल्यापासूनच दोघांच्या नावे येणारी पत्रे, वीजबिले, बँकेचे उतारे आणि घरभाड्याचा करार यांची वेगळी फाइल करावी, कारण मुदतवाढीच्या वेळी एकत्र राहिल्याचा पुरावा मधल्या सगळ्या काळाचा मागितला जातो. बिलांवर दुसऱ्या जोडीदाराचे नाव घालून घ्यायला एका फोनचे काम असते. तीन वर्षांची जुनी बिले मागाहून दुसऱ्या नावाने काढून मिळत नाहीत.