टीव्ही चालूच होत नाहीये? नवीन घ्यायच्या आधी एवढं बघा

टीव्ही बंद पडला की घरात पहिलं वाक्य ठरलेलं, "गेला, आता नवीनच घ्यावा लागणार." जरा थांबा हो. एलईडी टीव्ही चालू होत नाही म्हणजे नेमकं काय होत नाहीये ते आधी बघा. फ्रेमच्या खालच्या बाजूला बारीक लाल लाइट असते, ती लागलीय का? सुरुवात तिथूनच.

लाइटच नसेल तर टीव्हीपर्यंत करंट पोचतोय का ते बघायचं, आणि त्यासाठी टेस्टरवर जाऊ नका. टेस्टर फक्त फेज (करंट येणारी तार) दाखवतो, बोर्डातला न्यूट्रल (करंटची परतीची तार) सुटला असला तरी तो मस्त पेटतो आणि आपण टीव्हीला दोष देत बसतो. त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावा, फोन चार्ज झाला म्हणजे सॉकेट ठीक. मग मधलं एक्स्टेंशन, स्टॅबिलायझर सगळं काढून टीव्हीची पिन थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. बऱ्याच टीव्हींची वायर मागून निघते, जुन्या टेपरेकॉर्डरला असायची तशी दोन भोकांची, आणि भिंतीवरची जळमटं काढताना ती अर्धवट निसटते, समोरून काही कळत नाही. बटण बंद करून ती नीट आत दाबा.

तरी लाइट नाही? मग प्लग काढा, टीव्हीचं स्वतःचं बटण (खाली मधोमध नाहीतर मागे असतं) अर्धा मिनिट दाबून धरा, दहा मिनिटं तसंच राहू द्या आणि परत लावा. आत उरलेला चार्ज निघून जातो, टीव्हीचा अडकलेला मेन बोर्ड (आतलं मुख्य सर्किट) नव्याने सुरू होतो. लाइट कमी-जास्त झाल्यावर बंद पडलेले टीव्ही बऱ्याचदा एवढ्यावरच चालू होतात.

लाल लाइट आहे पण रिमोटने चालू होत नाही, तर टीव्हीवरचंच बटण दाबून बघा. त्याने चालू झाला तर प्रॉब्लेम रिमोटचा. सेल बदला, मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करून रिमोटचं तोंड त्याच्याकडे करा आणि बटण दाबा, मोबाइलच्या स्क्रीनवर रिमोटचा बल्ब जांभळट चमकताना दिसला म्हणजे रिमोट सिग्नल देतोय. लाइट ठरावीक वेळा लुकलुकून थांबत असेल तर किती वेळा ते मोजून ठेवा, सर्व्हिसवाल्याला त्यावरून बिघाड ओळखता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथेच लोकांचे पैसे जातात. आवाज येतोय पण स्क्रीन काळी. मावशीकडे असंच झालं होतं, मेकॅनिक आला, दोन मिनिटं बघून म्हणाला पॅनेल (चित्र बनवणारा स्क्रीनचा भाग) गेलं, रिपेअर करण्यात अर्थ नाही, आणि मावशी टीव्ही भंगारात द्यायला निघाली. मी रात्री खोलीत अंधार केला, टीव्ही चालू ठेवून मोबाइलची टॉर्च स्क्रीनला अगदी जवळ तिरकी धरली, तर आत अंधुक चित्र हलताना दिसलं, बातम्यांची पट्टी सुद्धा सरकत होती! म्हणजे पॅनेल चित्र बनवत होतं, मागचा उजेड गेला होता. त्याला बॅकलाइट म्हणतात, आत एलईडीच्या पट्ट्या असतात, एक एलईडी उडाली तरी बऱ्याच सेटमध्ये सगळाच उजेड जातो. पट्ट्या बदलायला पॅनेलच्या मानाने फार कमी खर्च येतो. मावशीचा टीव्ही दुसऱ्या मेकॅनिककडून करून घेतला, अजून चालतोय. म्हणून सांगते, टॉर्च लावून बघितल्याशिवाय पॅनेल गेलं हे मान्यच करू नका. आणि पट्ट्या बदलल्यावर सेटिंगमध्ये बॅकलाइट थोडा कमी ठेवा, पट्ट्या जास्त टिकतात.

टीव्ही एकदम डेड असेल तर बहुतेक वेळा पॉवर सप्लायचा बोर्ड गेलेला असतो, फ्यूज उडालेला किंवा कॅपॅसिटरची (चार्ज साठवणाऱ्या डबीसारख्या भागाची) टोपी फुगलेली. तो बोर्ड रिपेअर होतो, पण मागचं कव्हर तुम्ही स्वतः उघडू नका, कळकळीने सांगते. मोठ्या कॅपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ तसाच राहू शकतो.

आणि वळवाच्या पावसात ढग गडगडायला लागले की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा आणि डिशची केबल पण काढा, वीज पडली की झटका त्या केबलमधून बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने थेट टीव्हीच्या मेन बोर्डात येतो.