बोची द रॉक कसं बघायचं

या जपानी अ‍ॅनिमे (कार्टून) मालिकेचे एकूण 12च एपिसोड आहेत, 2022चे, त्यामुळे घाई करू नका. ऑडिओ जपानीच ठेवा आणि हेडफोन लावा, कारण हितोरीचं, म्हणजे यातल्या लाजऱ्या नायिकेचं, ते अडखळत पुटपुटणं ऐकलं नाही तर निम्मी गंमत जाते. पहिल्या एपिसोडमधे ही पोरगी लोकांसमोर यायला घाबरते म्हणून चक्क आंब्याच्या खोक्यात बसून गिटार वाजवते, तिथे हसू आलं तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे. मधेच तिचा चेहरा वितळतो बितळतो, टीव्ही बिघडलेला नाही. आठवा एपिसोड मात्र फोन बाजूला ठेवूनच बघा, तिच्या बँडमधल्या निजिका, र्यो, किता तिघी स्टेजवर गडबडतात आणि हीच बया सगळं सावरते. 2024चे दोन्ही पिक्चर म्हणजे याचंच संकलन, ते नंतर बघितले तरी चालतील